मुलांवर मालकी सांगणाऱ्या व्यवस्था

राजकीय व्यवस्था आणि समाज मुलांचे शोषण करतात असे म्हटले जाते तेव्हा नेमके काय अभिप्रेत असते, हे केवळ हुकूमशाही राजवटींतच घडते का, आणि मुलांचा सार्वजनिक चळवळीतील प्रत्येक सहभाग शोषणच मानायचा का, असे तीन प्रश्न विचारले गेले आहेत. युद्धातून, सक्तीच्या मजुरीतून आणि सरकारी निवासी संस्थांतून बाहेर पडलेल्या मुलांचे जबाब नोंदवणे, त्यांच्या ताब्याची प्रकरणे चालवणे आणि जमेल तेथे त्यांना आपल्या माणसांपर्यंत पोचवणे हे माझे अनेक वर्षांचे काम आहे. पुढील उत्तर त्या कामाच्या आधारे देत आहे.

एखाद्या निर्दय माणसाने मुलाचा छळ करणे आणि व्यवस्थेने मुलाचा वापर करणे या दोन्हींत मुलाला होणारी इजा सारखी असू शकते, पण दुसऱ्या प्रकारात कागद असतो. तेथे अधिनियम असतो, अंदाजपत्रकात तरतूद असते, हजेरीपट असतो, आणि सही करणारा अधिकारी संध्याकाळी घरी जाऊन स्वतःच्या मुलांचा अभ्यास घेत असतो. म्हणूनच असे शोषण करणाऱ्यांपैकी बहुतेकांना आपण काही गैर करत आहोत असे वाटत नाही, आणि ते पाहणाऱ्या समाजालाही वाटत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे या सर्व प्रकारांच्या मुळाशी एकच दावा असतो, तो म्हणजे हे मूल आमचे आहे. तो दावा कधी राष्ट्राच्या नावाने केला जातो, कधी पक्षाच्या, धर्माच्या, वंशाच्या, तर कधी साध्या घराण्याच्या. दावा मान्य झाला की मुलाचे श्रम, शरीर, निष्ठा किंवा नुसती प्रतिमा दुसऱ्याच्या हेतूसाठी वापरली जाते, मुलाला नकार देण्याची सोय राहत नाही, आणि परिणाम मात्र त्याच्या एकट्याच्या वाट्याला येतात. या तिन्ही गोष्टी एकत्र दिसतात तेथे मी शोषण हा शब्द निःसंकोच वापरतो.

हे फक्त हुकूमशाहीत घडते, हा समज आधी दूर केला पाहिजे. स्वित्झर्लंड हा देश १९व्या शतकाच्या मध्यापासून लोकशाहीवादी आणि शांत म्हणून ओळखला जातो. त्या देशात गरीब, अनाथ किंवा अविवाहित मातांची मुले स्थानिक प्रशासन शेतकऱ्यांकडे ठेवीत असे. सांभाळासाठी जो सर्वांत कमी खर्च मागेल त्याच्याकडे मूल देण्याचे लिलावही एके काळी तेथे होत. ही मुले गोठ्यात आणि शेतात राबत, अनेकदा उपाशी राहत आणि मार खात, आणि ही पद्धत २०व्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत चालू राहिली. संघराज्य सरकारने औपचारिक माफी मागितली ती २०१३ मध्ये, आणि पीडितांना प्रत्येकी २५,००० फ्रँक देण्याची तरतूद करणारा कायदा २०१७ मध्ये अमलात आला. या प्रकरणात कोणी जुलमी सत्ताधीश सापडत नाही. सापडतात त्या ग्रामसभा, पाद्री, शिक्षक आणि शेजारी, ज्यांना गरिबांच्या मुलांना कामाची सवय लागणे हे त्यांच्याच हिताचे आहे असे मनापासून वाटत होते.

कॅनडातील निवासी शाळांची कथा याहून मोठी आहे आणि तिच्यात हेतू अधिक उघड आहे. मूळनिवासी समूहांची सुमारे दीड लाख मुले १९व्या शतकापासून १९९० च्या दशकापर्यंत या शाळांत ठेवली गेली. १९२० मध्ये कायद्यात दुरुस्ती करून हजेरी सक्तीची करता येईल अशी व्यवस्था केली गेली, म्हणजे मुलाला घरी ठेवणारे आईबाप गुन्हेगार ठरू लागले. मातृभाषा बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होत असे, आणि अनेक शाळांत अर्धा दिवस अभ्यास व अर्धा दिवस शेती, धुलाई आणि स्वयंपाकघरातील काम अशी पद्धत होती, कारण सरकारी अनुदान अपुरे होते आणि संस्था मुलांच्या श्रमांवर चालत होत्या. सत्य आणि सलोखा आयोगाने २०१५ मध्ये अंतिम अहवाल दिला तेव्हा तीन हजारांहून अधिक मृत्यूंच्या नोंदी त्याला मिळाल्या होत्या, आणि त्यांतील कित्येक नोंदींत मुलाचे नावसुद्धा नव्हते. मृत्यूच्या नोंदीत नाव लिहिण्याची गरज कोणाला वाटू नये, यावरून त्या मुलांकडे कोणत्या नजरेने पाहिले जात होते ते कळते. ऑस्ट्रेलियातही आदिवासी मुले कुटुंबांपासून तोडण्याचे धोरण अनेक दशके राबवले गेले, आणि त्याबद्दल त्या देशाच्या संसदेने १३ फेब्रुवारी २००८ रोजी माफी मागितली.

एका गटाची मुले सक्तीने दुसऱ्या गटाच्या स्वाधीन करणे हे १९४८ च्या वंशसंहारविरोधी करारात वंशसंहाराच्या कृत्यांपैकी एक म्हणून नमूद आहे, अर्थात ते त्या गटाचा नाश करण्याच्या हेतूने केलेले असले तर. हे कलम अनेक वाचकांना ठाऊक नसते, कारण वंशसंहार म्हटला की डोळ्यांसमोर फक्त कत्तल येते. नाझी राजवटीने पोलंडमधील गोऱ्या, निळ्या डोळ्यांच्या मुलांना उचलून जर्मन कुटुंबांत वाढवले, त्याची आठवण करार करणाऱ्यांना ताजी होती. हा प्रश्न इतिहासजमाही झालेला नाही. युक्रेनच्या व्यापलेल्या प्रदेशांतून मुलांना बेकायदा रशियात नेल्याच्या आरोपावरून आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने १७ मार्च २०२३ रोजी रशियाचे अध्यक्ष पुतिन आणि तेथील बालहक्क आयुक्त यांच्याविरुद्ध अटक वॉरंट काढले. बालहक्कांच्या पदावरील व्यक्तीवरच हा आरोप असावा, याचे मला आश्चर्य वाटत नाही. मुलाला त्याच्या माणसांपासून तोडणाऱ्या प्रत्येक व्यवस्थेने ते मुलाच्या भल्यासाठी केल्याचेच सांगितले आहे, आणि ते भले ठरवण्याचा अधिकार कोणी कोणाकडून घेतला, हा प्रश्न या प्रकरणांत सर्वांत आधी विचारावा लागतो.

राजकीय सत्तेला मुले इतकी सोयीची का वाटतात, याचे उत्तर भावनेत शोधण्याची गरज नाही. मुलांना मत नसते, संघटना नसते, वेतनाचा आग्रह धरता येत नाही, ती खातात कमी आणि ऐकतात अधिक. धोक्याचा अंदाज त्यांना मोठ्यांपेक्षा कमी असतो आणि कौतुकाची ओढ अधिक असते. त्यातच वेगळी दृष्टी देणारे घर, मित्र आणि शिक्षक दूर केले, तर मिळालेली शिकवण तपासून पाहण्याचे साधनच त्यांच्याकडे उरत नाही. जर्मनीत डिसेंबर १९३६ च्या कायद्याने सर्व तरुणाई हिटलर युवा संघटनेच्या कक्षेत आणली गेली आणि १९३९ मध्ये ती सेवा सक्तीची झाली. १९४५ च्या वसंतात बर्लिनच्या रस्त्यांवर रणगाड्यांसमोर उभे केलेले मुलगे याच शिस्तीतून आलेले होते. चीनमध्ये १९६६ च्या उन्हाळ्यात शाळकरी मुलांना क्रांतीचे रक्षक म्हणून गौरवण्यात आले. ऑगस्टमध्ये बीजिंगच्या एका मुलींच्या शाळेतील उपमुख्याध्यापिका विद्यार्थिनींच्याच मारहाणीत मृत्यू पावल्या. त्यानंतर दोन-अडीच वर्षांतच, उपयोग संपल्यावर, याच पिढीला गावोगावी पाठवण्याचे आदेश निघाले, आणि त्या लाटेत दीड कोटींहून अधिक तरुणांची शिक्षणाची वर्षे शेतांत गेली. आधी गौरव, मग वापर, मग विल्हेवाट हा क्रम मला जवळपास प्रत्येक ठिकाणी दिसला आहे. त्या विद्यार्थिनींनी केलेल्या हिंसेचे ओझे त्यांना आयुष्यभर वाहावे लागले, मात्र ज्यांनी ती हिंसा पुण्यकर्म म्हणून शिकवली त्यांच्यापर्यंत त्या ओझ्याचा फारच थोडा वाटा पोचला.

रुमानियाचे उदाहरण याच्या उलट बाजूचे आहे. तेथील राज्यसत्तेला मुलांची निष्ठा नको होती, संख्या हवी होती. १९६६ च्या एका फर्मानाने गर्भपात जवळजवळ पूर्णपणे बंद करण्यात आला, आणि १९८९ मध्ये राजवट कोसळली तेव्हा एक लाखाहून अधिक मुले सरकारी संस्थांत आढळली. त्यांतली बहुसंख्य मुले अनाथ नव्हती, त्यांचे आईबाप हयात होते पण त्यांना पोसण्याची ऐपत नव्हती.

युद्धाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण बालसैनिक म्हटले की बंदूक घेतलेल्या मुलाचे छायाचित्र लोकांच्या मनात येते आणि ते छायाचित्र दिशाभूल करते. २००७ मध्ये पॅरिसमध्ये स्वीकारलेल्या तत्त्वांनुसार सशस्त्र दलाने किंवा गटाने स्वयंपाकी, हमाल, निरोप्या, हेर म्हणून किंवा लैंगिक वापरासाठी ठेवलेले १८ वर्षांखालील कोणतेही मूल या व्याख्येत येते. ही व्याख्या व्यापक का हवी, ते सिएरा लिओनमध्ये दिसले. तेथील युद्ध १९९१ ते २००२ असे चालले आणि निःशस्त्रीकरणाच्या कार्यक्रमात प्रवेश मिळवण्यासाठी बराच काळ शस्त्र जमा करणे ही अट होती. मुलींकडे बहुधा स्वतःचे शस्त्र नसे, किंवा सेनापती ते काढून आपल्या मर्जीतल्या माणसाला देत असत. परिणामी जंगलात वर्षानुवर्षे राबलेल्या, बलात्कार सोसलेल्या आणि तेथेच आई झालेल्या कित्येक मुली शिधा, प्रशिक्षण आणि वैद्यकीय मदत या सगळ्यांतून वगळल्या गेल्या. त्या मुकाट्याने गावी परतल्या आणि गावाने त्यांच्याकडे शत्रूच्या बायका म्हणून पाहिले. सशस्त्र गटाने जे सुरू केले ते मदत यंत्रणेच्या अर्जाने आणि गावाच्या लोकापवादाने पुढे चालवले. समाज शोषणात कसा सामील होतो हे मला कोणी विचारले की मी हेच उदाहरण देतो.

मुले स्वखुशीने आली होती, हा बचाव प्रत्येक वेळी केला जातो. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा पहिलाच निकाल, मार्च २०१२ मधील, काँगोतील सशस्त्र गटाचे प्रमुख थॉमस लुबांगा यांच्याविरुद्धचा, १५ वर्षांखालील मुलांना सैन्यात घेणे आणि लढवणे याच गुन्ह्याचा होता, आणि मुलाची संमती हा बचाव होऊ शकत नाही असे त्यात स्पष्ट करण्यात आले. जबाब घेताना मीही अनेकदा ऐकले आहे की मी आपणहून गेलो. पुढे विचारले की कळते, घर जळलेले असते, शाळा बंद असते, आणि दोन वेळचे जेवण फक्त छावणीत मिळत असते. अशा निवडीला संमती म्हणणे मला मान्य नाही. या बाबतीत राज्यांनी मात्र स्वतःसाठी सवलत ठेवली आहे. १९८९ च्या बालहक्क करारात प्रत्यक्ष लढाईसाठीची वयोमर्यादा १५ ठेवण्यात आली होती. २००० च्या पूरक करारात लढाईसाठी आणि सक्तीच्या भरतीसाठी ती १८ झाली, सशस्त्र गटांना तर १८ खालील कोणतीही भरती निषिद्ध ठरली, पण सरकारी सैन्यांना १६व्या वर्षापासून स्वेच्छेची भरती करण्याची वाट मोकळी राहिली. ब्रिटन आजही त्या वयात भरती करते, मात्र १८ पूर्ण होईपर्यंत आघाडीवर पाठवत नाही. बंडखोरांना लावलेला नियम राज्याला लागू होऊ नये, याचे समाधानकारक कारण मला आजवर कोणी सांगितलेले नाही.

यातील सर्वांत अवघड प्रकरण युगांडाच्या डॉमिनिक ओंग्वेन यांचे आहे. लहान असताना एका बंडखोर सैन्याने शाळेच्या वाटेवरून त्यांचे अपहरण केले, ते त्याच सैन्यात वाढले, सेनानी झाले, आणि २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात ६१ आरोपांत दोषी ठरून त्यांना २५ वर्षांची शिक्षा झाली. त्यांनी इतर मुलांचे तेच केले जे त्यांच्याबाबत घडले होते. न्यायालयाने बालपणीचे अपहरण शिक्षा ठरवताना विचारात घेतले, दोष ठरवताना नाही, आणि प्रौढ वयातील कृत्यांपुरता तो निर्णय मला योग्य वाटतो. परंतु त्या मुलाला न वाचवणाऱ्या राज्याचा हिशोब त्या खटल्यात कोठेच मांडला गेला नाही, ही उणीव मला राहून राहून टोचते.

मजुरीच्या बाबतीत समाजाचा हात राज्याच्या हाताइतकाच स्पष्ट दिसतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनिसेफ यांच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगात सुमारे १३.८ कोटी मुले बालमजुरीत होती आणि त्यांपैकी सुमारे ५.४ कोटी धोकादायक कामांत होती. यांतले बहुतेक काम कारखान्यात नव्हे तर शेतीत आणि कुटुंबाच्या आत चालते, जेथे निरीक्षक पोचत नाही आणि पोचला तरी हे आमचे घरचे काम आहे असे ऐकून परत जातो. अमेरिकेत १९१६ मध्ये बालमजुरीविरुद्ध संघराज्याचा कायदा झाला, तेव्हा सूतगिरणीत काम करणाऱ्या दोन मुलांच्या बापाने, गिरणीमालकांच्या पाठबळावर, त्याला आव्हान दिले आणि १९१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. बापाचा मुलांच्या कमाईवरचा हक्क, मालकांचा नफा आणि घटनेतील अधिकारविभागणीचा युक्तिवाद असे तिघे एका बाजूला होते. काही वर्षांनी त्यांतल्या एका मुलाने वार्ताहराला सांगितले की या विजयातून आपल्याला काहीच मिळाले नाही, शिक्षण तेवढे हुकले.

उझबेकिस्तानात तर शाळाच या कामाची यंत्रणा होती. दर शरद ऋतूत शाळा रिकाम्या करून मुलांना कापूस वेचायला नेले जाई, शिक्षक वजनाची नोंद ठेवत, आणि ठरलेला वाटा पूर्ण न करणाऱ्याला शिक्षा होई. परदेशी खरेदीदारांचा बहिष्कार, देशांतर्गत कार्यकर्त्यांनी अटकेचा धोका पत्करून केलेल्या नोंदी आणि २०१३ पासून श्रम संघटनेची देखरेख यांच्या एकत्रित दबावाखाली आधी लहान मुले आणि नंतर मोठी माणसे या सक्तीतून सुटली, आणि २०२१ च्या हंगामात व्यवस्थेने लादलेली वेठबिगारी संपल्याचे संघटनेने जाहीर केले. त्या देशात बालमजुरीवर कायद्याने बंदी आधीपासूनच होती. बदल झाला तो बाहेरून कोणीतरी शेतात जाऊन मोजू लागल्यावर. ब्रिटनचा अनुभवही हाच सांगतो. १८०२ आणि १८१९ चे कारखान्यांविषयीचे कायदे कागदावर राहिले, आणि १८३३ च्या कायद्याने ९ वर्षांखालील मुलांना बहुतेक कापडगिरण्यांत बंदी करताना पगारी निरीक्षक नेमले तेव्हा कोठे अंमलबजावणी सुरू झाली. तरीही मुलाचे वय कसे ठरवायचे हा पेच होताच, कारण इंग्लंडमध्ये सरकारी जन्मनोंदणी १८३७ मध्ये सुरू झाली आणि तोवर डॉक्टर अंगकाठी पाहून दाखला देत. आजही पाच वर्षांखालील सुमारे १५ कोटी मुलांची जन्मनोंद झालेली नाही. भरती करणारा, मुकादम आणि बालविवाह लावणारा असे सगळे याच अभावाचा फायदा घेतात, आणि म्हणून मला कोणी एकच उपाय निवडायला सांगितला तर मी जन्मनोंदणी निवडतो.

आता तिसरा प्रश्न. मुलांनी मोर्चात जाणे, घोषणा देणे, संप करणे हे सारे शोषण मानले तर १६ जून १९७६ रोजी आफ्रिकान्स भाषेच्या सक्तीविरुद्ध दक्षिण आफ्रिकेतील सोवेटोत रस्त्यावर उतरलेल्या विद्यार्थ्यांचाच अपमान होईल. तो मोर्चा विद्यार्थ्यांनी स्वतः आखला होता, आणि ज्या अन्यायाविरुद्ध तो होता तो त्यांच्याच वर्गात घडत होता. मे १९६३ मधील अमेरिकेतल्या बर्मिंगहॅमचा प्रसंग अधिक कठीण आहे. तेथे प्रौढ नेत्यांनी शाळकरी मुलांना वर्णभेदाविरुद्धच्या मोर्चांत उतरवले आणि पोलिसांनी त्यांच्यावर कुत्रे सोडले, पाण्याचे फवारे मारले. चळवळीच्या बाजूच्या लोकांनीही तेव्हा टीका केली होती आणि ती टीका मी हलकी मानत नाही. मात्र त्या मुलांना धोका काय आहे ते सांगितले गेले होते, अहिंसेचे प्रशिक्षण दिले गेले होते, आणि लढा त्यांच्या स्वतःच्या रोजच्या अवहेलनेविरुद्ध होता. मोठ्या नेत्याचा मुखवटा घालून तासन्‌तास उन्हात बसवलेल्या मुलाला यांपैकी काहीच माहीत नसते. मुलांच्या सहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मांडलेल्या सहभागाच्या आठ पायऱ्यांत खालच्या तीन, म्हणजे मुलांना हाताळणे, शोभेसाठी उभे करणे आणि नावापुरते बोलावणे, या सहभागात मोडतच नाहीत. प्रत्यक्ष कामात मी तीन चौकश्या करतो. विषय मुलाच्या आयुष्याशी संबंधित आहे का, न आलेल्या मुलाचे काय झाले, आणि कार्यक्रम संपल्यानंतर मुलावर काही ओढवले तर जबाबदारी घेणारा मोठा माणूस कोण आहे. दुसऱ्या चौकशीचे उत्तर सहसा सर्वांत बोलके असते, कारण ज्या मुलाला गैरहजेरीबद्दल गुण कापले जाण्याची, शिधा बंद होण्याची किंवा घरी पोलीस येण्याची भीती आहे, त्याच्या उपस्थितीवरून काहीही सिद्ध होत नाही.

ज्यांना काही करायचे आहे त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की सुटकेनंतरच्या काळाकडे सर्वांत अधिक लक्ष द्यावे. बालहक्क कराराच्या ३९व्या कलमानुसार शारीरिक व मानसिक पुनर्वसन हे राज्याचे कर्तव्य आहे, आणि मुलाला सोडण्यासाठी युद्ध संपण्याची किंवा तह होण्याची वाट पाहण्याचे कारण नसते. त्याला गुन्हेगार म्हणून कोठडीत ठेवू नये, आणि पुराव्याच्या किंवा सहानुभूतीच्या नावाखाली त्याचा चेहरा प्रसिद्ध करू नये, कारण तोही वापरच आहे. कुटुंबापासून तोडलेल्या मुलांच्या बाबतीत कागद जपणे सर्वांत निकडीचे असते. अर्जेंटिनात १९७६ ते १९८३ च्या लष्करी राजवटीत कैदेतील मातांची सुमारे ५०० बाळे चोरून इतरांना, अनेकदा लष्कराशी जवळीक असलेल्या कुटुंबांना, देण्यात आली. १९७७ पासून संघटित झालेल्या आज्यांनी शास्त्रज्ञांना गाठून नातवंडे ओळखण्याची आनुवंशिक पद्धत विकसित करवून घेतली, १९८७ मध्ये त्यासाठी राष्ट्रीय जनुकीय माहितीपेढी कायद्याने स्थापन झाली, आणि आतापर्यंत १३० हून अधिक नातवंडांची ओळख पटली आहे. मुलाची ओळख जपण्याचा आणि हिरावली गेल्यास ती परत मिळवून देण्याचा हक्क सांगणारे बालहक्क कराराचे ८वे कलम अर्जेंटिनाच्याच पुढाकाराने आले. म्हणून अशी कोणतीही संस्था, शाळा किंवा छावणी बंद होत असल्याचे कळले, की पहिला अर्ज तिच्या नोंदवह्या, छायाचित्रे आणि प्रवेशपत्रे ताब्यात घेऊन सुरक्षित ठेवण्यासाठी करावा, आणि दुसरा अर्ज त्यांतील प्रत्येक मुलाला प्रौढ झाल्यावर स्वतःची संपूर्ण फाइल विनामूल्य पाहता यावी यासाठी करावा.